क्षारतामापन (खारपाणपट्टा)

विहीर, कूपनलिका किंवा नदीच्या पाण्यात विरघळलेल्या लवणांची संहती (ठरावीक पाण्यातील त्यांचे प्रमाण) ठरविण्याच्या पद्धती. रसायनशास्त्रात क्षार (अल्कली) आणि लवण हे वेगळे; पण वऱ्हाडात पाणी ‘खारं’ असते किंवा ‘गोडं’, आणि माती-पाणी परीक्षणाच्या अहवालांतही ‘क्षारता’ हाच शब्द रुळला आहे. येथे तोच ठेवला आहे. तापीची उपनदी पूर्णा हिच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत (दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर इ. तालुक्यांचे भाग) पसरलेल्या खारपाणपट्ट्यात (भूजल खारे असलेल्या पट्ट्यात) या मापनाला विशेष महत्त्व आहे.

खारेपणाचा उगम : येथे एकेकाळी समुद्राचा फाटा होता, असे एक जुने मत आहे. गाळाच्या थरांत सागरी जीवाश्मांचा आधार न मिळाल्याने ते मागे पडले. खोऱ्याचा मंद उतार, निचरा न होऊ देणारी बारीक चिकणमाती आणि मोजक्या पावसाच्या मानाने मोठे बाष्पीभवन यांमुळे लवणे साचत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र खोल थरांतील तीव्र खाऱ्या पाण्याचा उलगडा एवढ्याने पुरा होत नाही. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिक लिखाणात अकोल्याच्या उत्तरेस दहिहांडा परिसरातील मिठाच्या विहिरींचा उल्लेख येतो. या विहिरींतील खारे पाणी आटवून मीठ काढीत.

नमुना : कूपनलिका काही वेळ चालवून साचलेले पाणी जाऊ द्यावे आणि बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी. पावसाळ्यानंतर विहिरीत गोडे, हलके पाणी वर तरंगते; त्यामुळे पोहऱ्याने वरवरचे काढलेले पाणी आणि तळाचे पाणी यांचे आकडे जुळत नाहीत.

क्लोराइडाचे अनुमापन : अनुमापन म्हणजे माहीत संहतीचा विद्राव किती लागला यावरून प्रमाण काढणे. कार्ल फ्रीड्रिख मोर यांची ही पद्धत साधारणतः १८५६ पासूनची. ५० मिलि. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटाचे काही थेंब टाकले की पाणी पिवळे होते. ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापनळीतून) ०.०१४१ नॉर्मल (संहतीचे एकक) सिल्व्हर नायट्रेट सोडताना पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) बनत जातो. थेंब पडेल तेथे तांबूस छटा उठते आणि ढवळताच विरते. ती विरेनाशी झाली की थांबावे. या प्रमाणात लागलेल्या प्रत्येक मिलि. मागे लिटरला १० मिग्रॅ. क्लोराइड धरतात. आम्ल पाण्यात ही पद्धत चालत नाही.

विद्युत् संवाहकता : हल्ली गावोगावी दिसणारा खिशातला ‘टीडीएस मीटर’ (टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेले घन पदार्थ) लवण मोजतच नाही. तो मोजतो ती संवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, आणि पडद्यावर येतो तो एका ठरावीक गुणकाने गुणलेला आकडा. गुणक सामान्यतः ०.५ ते ०.७ असतो. साध्या मिठाच्या पाण्याला सुमारे ०.५ जुळतो, मिश्र लवणांना ०.६४ च्या आसपास. संवाहकता सेंमी.ला ३,००० मायक्रोसीमेन्स असेल, तर एक मीटर लिटरला १,५०० मिग्रॅ. दाखवील आणि दुसरा २,१००. पर्यायी स्रोत नसल्यास पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने (२०१२) दिलेली विरघळलेल्या घन पदार्थांची कमाल मर्यादा लिटरला २,००० मिग्रॅ. आहे, म्हणजे त्याच पेल्यातले पाणी एका मीटरवर चालेल, दुसऱ्यावर नाही. अहवालात मूळ संवाहकता लिहिणे म्हणूनच बरे. तापमान अंशभर वाढले की संवाहकता सुमारे २ टक्के वाढते. उन्हात तापलेला नमुना तसाच मोजला आणि मीटर आपोआप २५° से.ला दुरुस्ती करणारा नसला, तर पाणी आहे त्याहून खारे दिसते. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या विद्रावाने (२५° से.ला सेंमी.ला १,४१३ मायक्रोसीमेन्स) मीटर पडताळून घेतात.

सिंचन : १९५४ च्या अमेरिकी वर्गीकरणात २,२५० मायक्रोसीमेन्सच्या पुढचे पाणी अतिक्षारयुक्त मानले आहे. खारपाणपट्ट्यात मात्र नुसती एकूण संहती पुरत नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती, हे सांगणारे सोडियम अधिशोषण गुणोत्तर त्यासोबत काढतात. सोडियम जास्त असलेल्या पाण्याने काळी जमीन पाणी पडले की फुगते, छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. अशा जमिनीला जिप्सम देतात, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम वाहून नेण्यास निचरा आणि पावसाचे गोडे पाणी लागते.