मोटारगाडीच्या खालच्या पत्र्याची घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीच्या दारांखाली, पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी म्हणजे सिल. अमेरिकी वापरात तिला रॉकर पॅनल म्हणतात. जुन्या गाडीत गंज बहुधा इथूनच सुरू होतो. दारांचे तळ, मडगार्डची खालची टोके आणि चाकांच्या कमानींच्या कडा यांची दुरुस्तीही याच कामात मोडते, पण सिलचे महत्त्व वेगळे आहे, कारण बहुतेक गाड्यांमध्ये ती भार पेलते. या नोंदीत साध्या मृदू पोलादाच्या पत्र्याच्या जुन्या गाड्यांचाच विचार केला आहे. अलीकडच्या गाड्यांतील उच्चबल आणि बोरॉनयुक्त पोलाद तापवल्यास त्याचे बल घटते, म्हणून त्यांना ही पद्धत लावू नये.

संज्ञा व उगम : ‘सिल’ म्हणजे उंबरा. गाडीत शिरताना जी कड ओलांडावी लागते ती, इतका हा अर्थ उघड आहे. ‘रॉकर’ हा शब्द घोडागाड्यांच्या बांधणीतून आला असावा. रस्त्यावरचे दगड (इंग्रजीत ‘रॉक’) झेलणारा पत्रा म्हणून रॉकर, ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते.

सिल भारवाही कधी झाली, याबद्दल मतभेद आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत सगळा भार खालच्या सांगाड्यावर (चॅसिसवर) असे आणि दाराखालचा पत्रा केवळ झाकण म्हणून लावलेला असे. अमेरिकेतील एडवर्ड बड यांच्या कारखान्याने 1910 च्या दशकात संपूर्ण पोलादी बॉडी तयार केल्या, डॉज बंधूंच्या गाड्यांना त्या बसवल्याही गेल्या, परंतु त्यांच्याखाली सांगाडा कायम होता. सांगाडा वगळून बॉडीलाच भारवाही करण्याचा मान सामान्यतः 1922 मध्ये प्रदर्शित झालेल्या लान्चिया लाम्ब्डाला देतात. ही गाडी उघडी होती. छताचा आधार नसल्याने ताठपणा मिळवण्यासाठी तिच्या बाजू खोल ठेवाव्या लागल्या. त्यामुळे काहींना ती खऱ्या अर्थाने एकसंध बॉडी वाटत नाही. 1934 च्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये पिंजऱ्यासारखी बॉडी आणि सांगाडा यांचा मिलाफ होता, म्हणून तिला अर्धवट उदाहरण म्हणणेच योग्य. पत्रे वेल्डिंगने जोडून बंद पेटीसारखी केलेली, मोठ्या संख्येने बनलेली आणि आजच्या सिलशी सरळ नाते सांगणारी रचना शोधायची, तर 1934 ची सित्रोएन त्राक्सिआँ आव्हाँ आणि पाठोपाठ आलेली 1935 ची ओपेल ऑलिम्पिया यांच्यापासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक ठरते. सित्रोएनने त्यासाठी बड यांचेच तंत्र घेतले होते. लाम्ब्डाचा धडा मात्र आजही लागू पडतो : उघड्या छताच्या गाडीत सिलवरचा भार सर्वांत जास्त असतो, आणि ती सडली तर गाडी मधोमध खचते.

गंजाची कारणे : सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि अनेकदा मधला ताठवणारा पत्रा अशा दोन-तीन थरांची असते. हे थर तळाशी एका अरुंद पट्टीत स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे अंतराअंतरावर ठिपक्यांपुरते वितळवून, जोडतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते आणि केशाकर्षणाने तिच्यात पाणी चढते. निचऱ्याची भोके चिखलाने बुजली की पेटीत ओला गाळ साचतो. मीठमिश्रित पाणी असेल तर त्यातील क्लोराइड आयनांमुळे क्षरण आणखी वेगाने होते.

यातील कळीचा मुद्दा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ यू. आर. एव्हान्स यांनी 1920 च्या दशकात खाऱ्या पाण्याच्या थेंबाच्या प्रयोगातून स्पष्ट केला. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर आणि मध्यभागी कमी असतो. जिथे तो कमी, तिथले लोखंड धनाग्र (अॅनोड) बनून विरघळते. सिलमध्ये गाळाखालचा पत्रा नेमका असाच कोंडलेला असतो. म्हणजे उघड्यावरच्या पत्र्यापेक्षा झाकलेला पत्रा आधी जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असल्याने तो फटीत फुगून जोडलेले पत्रे फाकवतो. रंगावर बाहेरून दिसणारा फोड ही या क्रियेची शेवटची पायरी आहे. करंगळीएवढे भोक दिसले तर आत हातभर पत्रा गेलेला असू शकतो, हे दुरुस्ती करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. 1970 च्या दशकापासून ऋणाग्री विद्युत्-लेपन (बॉडी प्रायमरमध्ये बुडवून विजेने तो चढवणे) आणि जस्तलेपन आले (पोर्शे 911 ला 1976 च्या मॉडेल-वर्षापासून जस्तलेपित पत्रा मिळाला) आणि हा प्रश्न बराच हटला. त्याआधीच्या गाड्यांत तो गृहीत धरावा.

तपासणी : स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर टोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो आणि आत गंजाचे पापुद्रे गळाल्याची खरखर ऐकू येते. मग टोकाने जोर देऊन पाहावे. टोक आत गेले तर तो पत्रा नव्हताच, रंगाने तोलून धरलेला गंज होता. जॅक लावायची जागा आणि चाकाच्या कमानीला लागून असलेले टोक विशेष काळजीने पाहावे. तळाशी लोहचुंबक धरल्यास पूर्वी कोणी लांबी (पुट्टी) भरून भोक झाकले आहे का तेही कळते, कारण लांबीला चुंबक चिकटत नाही.

दुरुस्ती : मुख्य वाद भरायचे की कापायचे हा आहे. लांबी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिरे यांचे मिश्रण. ते ओलावा शोषते आणि त्याला भारवाही ताकद नसते. भोकावर जाळी ठेवून लांबी थापणे म्हणजे गंजाला अंधारी खोली बांधून देणे. सडलेल्या सिलवर दुसरी सिल चढवून वेल्ड करण्याची प्रथाही अशीच घातक आहे. गाडी दिसायला नवी होते, आतली कूज चालूच राहते आणि पुढच्या मालकाला ती कळतही नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचे ठिगळ वेल्डिंगने जोडणे, हीच पद्धत ग्राह्य मानावी. ब्रिटनच्या वार्षिक वाहनतपासणीत सस्पेन्शन व सीट बेल्टच्या बांधणीपासून 30 सेंमी.च्या आतील पत्रा भारवाही गणतात आणि तिथल्या ठिगळाचे वेल्ड सलग असावे लागते. जिथे मुळात स्पॉट वेल्ड होते तिथे तसेच चालते.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या-तिरप्या पट्ट्या टाक्यांनी (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी) बसवून ती जखडतात. गाडी समतल व भक्कम स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर कधीही नसावी. एका वेळी एकच बाजू घ्यावी. नवा पत्रा पकडीने धरून दार बसवावे आणि भोवतालची फट सर्वत्र सारखी आली की मगच वेल्डिंग करावे. फट एकदा वाकडी वेल्ड झाली की दार पुढे कधीच नीट लागत नाही.

घरगुती कामाला मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात सतत पुढे सरकणारी तार विजेने वितळवून जोडणे) सोयीचे पडते. हे तंत्र 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाले. त्याआधी वापरली जाणारी गॅसची ज्योत पातळ पत्रा फार तापवून वाकवत असे. बाहेरचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिमी. जाडीचा असतो, त्याला 0.6 मिमी.ची तार पुरते. सलग रेघ एका दमात ओढू नये. दोन-तीन सेंमी.वर टाके घालत, निवू देत आणि दूरच्या जागा आलटूनपालटून घेत मधली अंतरे भरावीत. मूळ स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला 6 ते 8 मिमी.ची भोके पाडून ती वेल्डने भरतात.

सुरुवातीलाच बॅटरीची जोडणी काढावी. गालिचा व डांबरी थर उचलावा आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि तारांचे जुडगे कुठून जाते ते पाहावे. ठिणगी आतल्या बाजूला पडते आणि आग काम थांबल्यावर लागते, म्हणून काम संपल्यावरही अर्धा तास गाडीपाशी थांबावे. जस्तलेपित पत्र्याच्या धुराने ताप येतो. वारा खेळता हवा, मुखवटा हवा.

लेपन : घासणे, प्रायमर, रंग हे नेहमीप्रमाणेच. चांगल्या धातूवर दोन-तीन मिमी.पर्यंत लांबी चालते. पूर्वी तिच्या जागी सुमारे 30 टक्के कथील व 70 टक्के शिसे यांचे मिश्रण वापरत. ते साधारण 183 ते 255° से. दरम्यान लोण्यासारखे मऊ राहते आणि लाकडी थापीने बसवता येते. पाणी न शोषण्यात ते सरस आहे, पण शिशाच्या भुकटीमुळे ते घरी घासू नये.

वेल्डिंगच्या उष्णतेने पेटीच्या आतला रंग जळतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. म्हणून रंग वाळल्यावर लांब नळीच्या फवाऱ्याने आत पातळ मेण मारतात. निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकू लागले की ते तळाच्या जोडापर्यंत पोहोचले असे समजतात. ठिबकणे थांबल्यावर ती भोके तारेने पुन्हा मोकळी करावीत.