कॅनेडियन फुटबॉल : थंडी, वेळापत्रक आणि प्रेक्षकसंख्या

कॅनेडियन फुटबॉल हा बारा-बारा खेळाडूंचा, लंबगोल चेंडूने खेळला जाणारा खेळ. कॅनेडियन फुटबॉल लीगचा (सीएफएल) हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरात ग्रे कपच्या अंतिम सामन्याने संपतो. प्रत्येक संघ साखळीत 18 सामने खेळतो. त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे सामने नेमके सर्वांत वाईट हवेत येतात. प्रेक्षक कमी आले की दोष थंडीला दिला जातो. पण नुसत्या थंडीने मैदान क्वचितच रिकामे राहते. सामना कोणत्या दिवशी आहे, किती वाजता आहे आणि तिकीट किती आधी घेतलेले आहे, यावर बरेच अवलंबून असते.

1977 चा ग्रे कप माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर झाला. मैदानावरचा बर्फ मिठाने वितळवला होता, तो पुन्हा गोठून काचेसारखा झाला. यजमान अलुएट्सच्या खेळाडूंनी बुटांच्या तळव्यांना स्टेपलच्या पिना ठोकल्या आणि एडमंटनला 41-6 असे हरवले. शहरात सार्वजनिक वाहतुकीचा संप होता, तरीही 68,318 प्रेक्षक आले; ग्रे कपचा हा विक्रम अजून टिकून आहे. 1991 मध्ये विनिपेगला उणे 17 अंश सेल्सिअस तापमानातही 51,985 लोक हजर होते.

ग्रे कपचे शहर खूप आधी ठरते. लोक तिकिटे काढून, सुट्टी घेऊन येतात. बाद फेरीचे तसे नाही. यजमान संघ साखळीतील क्रमवारीवरून ठरतो, म्हणून तिकिटे विकायला कधी कधी जेमतेम आठवडा हाती असतो. अशा वेळी माणूस आधी हवामानाचा अंदाज पाहतो, मग पाकिटाला हात घालतो. थंडीचा खरा फटका बसतो तो इथे.

वेळेचाही प्रश्न आहे. दूरचित्रवाणीसाठी बाद फेरीचे सामने एकामागून एक ठेवतात. लीगच्या पूर्व विभागाचा आधी, पश्चिम विभागाचा नंतर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि विनिपेगला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी साडेतीनला सुरू झालेल्या सामन्याचा उत्तरार्ध अंधारात जातो. ऊन असेतो सोसणारी थंडी तेव्हा हाडांत शिरते. जुने प्रेक्षक पायाखाली पुठ्ठा घालतात, कारण गारठा सिमेंटच्या पायऱ्यांतून तळपायांत चढतो. लहान मुलांना घेऊन येणारी कुटुंबे अशा सामन्यांपासून सर्वांत आधी दूर होतात.

सस्कॅचेवानची गोष्ट आणखी वेगळी. रफरायडर्स हा तिथे साऱ्या प्रांताचा संघ. रिजायनाच्या मैदानावर यायला सॅस्काटूनकर अडीचेक तास गाडी हाकतात. शरदात शेतकरी सुगीत अडकलेले असतात, आणि सुगी सरते तोवर महामार्गावर बर्फाची भीती सुरू होते. सप्टेंबरच्या आरंभी, लेबर डेच्या सुट्टीत होणारा विनिपेगविरुद्धचा सामना मात्र सणासारखा भरतो. सुट्टी, हवा आणि जुने वैर असा तिहेरी योग वर्षात पुन्हा येत नाही.

छप्पर घातले की प्रश्न सुटतो, ही समजूतही फसवी आहे. 1997 मध्ये यू-टू या रॉक बँडच्या कार्यक्रमामुळे, तोवर छप्पर आलेले ऑलिंपिक स्टेडियम मोकळे नव्हते, म्हणून अलुएट्सचा बाद फेरीचा सामना मॅकगिल विद्यापीठाच्या छोट्या, उघड्या मैदानावर न्यावा लागला. ते खचाखच भरले. पुढच्याच वर्षी संघ तिथे राहायला आला. टोरोंटोचा आर्गोनॉट्स संघ 1989 पासून स्कायडोमच्या उघडझाप होणाऱ्या छताखाली खेळला, पण ओस खुर्च्यांचे दुखणे तिथेही सुटले नाही. 2016 मध्ये तो उघड्या बीएमओ फील्डवर गेला.

लीगने गेल्या काही वर्षांत हंगाम थोडा अलीकडे ओढला आहे. 2018 मध्ये तो 14 जूनला सुरू होऊन 25 नोव्हेंबरला संपला. 2025 मध्ये 5 जूनला सुरू झाला आणि 16 नोव्हेंबरला विनिपेगमध्ये ग्रे कप झाला. याहून अलीकडे सरकायचे तर गाठ पडते ती आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपशी, ज्याची बाद फेरी एप्रिलपासून जूनपर्यंत चालते.