साहेबाला शिपायाची वही वर्ज्य

वडील लातूरच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. गोपनीय टपाल दोन पाकिटांत जायचं. आतल्यावर 'गोपनीय'चा शिक्का आणि लाखेची मोहोर, बाहेरच्यावर नुसता पत्ता. शिक्का झाकूनच न्यायचा तर मारायचा कशाला, असं मी एकदा विचारलं. "शिक्का काय पोस्टमनसाठी असतोय का? फोडणाऱ्यासाठी असतोय," वडील म्हणाले.

संगणकात लाख नाही आणि पाकीटही नाही. एक परिच्छेद उचलून दुसऱ्या फाइलीत डकवला की कागदावर छापलेला शिक्का मागे राहिला. म्हणून गुप्त कामाच्या संगणकात हा शिक्का, म्हणजे लेबल, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळते. ते फाइलीच्या मालकालाही मनानं काढता येत नाही. फाइलीला पातळी, तशी वाचणाऱ्यालाही: रिस्ट्रिक्टेड, कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट.

१९७३ साली डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी याचं गणित मांडलं. आपल्यापेक्षा वरचं वाचायचं नाही, हा पहिला नियम कुणालाही पटेल. दुसरा मात्र चक्रावून टाकतो: वरच्यानं खालच्या फाइलीत लिहायचं नाही. म्हणजे साहेबानं शिपायाच्या वहीत एक ओळही लिहायची नाही!

अविश्वास साहेबावर नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या प्रोग्रामवर आहे. समजा कुणीतरी पाठवलेलं पंचांग साहेबानं उघडलं. तिथी दाखवता दाखवता ते साहेबाच्याच अधिकारात गुप्त फाइल वाचतं आणि मजकूर शिपायाच्या वहीत उतरवून ठेवतं. शिपाई सवडीनं वाचतो. पहिला नियम कुठंच मोडला नाही, तरी गुपित फुटलं. खाली लिहायची वाटच बुजवली की पंचांगाचा डाव फसतो. साहेबाला शिपायासाठी खरंच काही लिहायचं असेल, तर त्यानं खालच्या पातळीवर लॉगइन करावं.

याची किंमतही आहे. मजकूर वर सहज चढतो, खाली आपोआप उतरत नाही. शिक्का उतरवायला शेवटी अधिकार दिलेला माणूसच लागतो.

सातबाऱ्याचं दुखणं वेगळं. तो कुणीही वाचावा. भलत्यानं त्यात लिहू नये एवढंच. १९७०च्या दशकातच केनेथ बिबा यांनी त्यासाठी हेच नियम उलटे केले: कमी भरवशाच्यानं जास्त भरवशाच्या फाइलीत लिहायचं नाही.

ही लेबलं तुमच्या खिशातही आहेत. अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स नावाची, लेबलं तपासणारी यंत्रणा असते. त्यात पातळी एकच, 'एस०', पण त्या पातळीत एकमेकांपासून वेगळे ठेवणारे खण १०२४. नव्या अँड्रॉइडवर ॲपच्या लेबलात अशा चार खणांचे आकडे असतात. सोयाबीनचा भाव दाखवणारं ॲप आणि बँकेचं ॲप एकाच पातळीवर बसतात, पण आकडे वेगळे, म्हणून एकाला दुसऱ्याच्या खासगी फाइली उघडता येत नाहीत.