शिवणयंत्रापाशी मूल का होतं? बांगलादेशातल्या कपडे उद्योगाची पार्श्वभूमी

कपड्यांच्या धंद्यातल्या बालमजुरीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: मुलांनी शिवलेले कपडे विकत घेऊ नका. सल्ला देणाऱ्याची तळमळ खरी असते. पण खरेदी थांबण्याची नुसती भीती घातली तरी त्या मुलांचं काय होतं, हे बांगलादेशाने १९९३ साली प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्या वर्षाचा धडा समजून घेण्यासाठी आधी हा धंदा तिथे आला कसा, हे पाहावं लागतं.

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची निर्यात म्हणजे मुख्यतः ताग. परदेशासाठी कपडे शिवणारे कारखाने जवळजवळ नव्हतेच. ते आले श्रीमंत देशांनी घातलेल्या बंधनामुळे. आपल्याकडचे कापड कारखाने वाचावेत म्हणून अमेरिका आणि युरोपने १९७४ मध्ये मल्टिफायबर करार केला आणि कोणत्या देशाकडून किती कपडे घ्यायचे याचे कोटे ठरवले. दक्षिण कोरियाचे कारखाने या कोट्यात अडकले. बांगलादेशावर तेव्हा कसलीच मर्यादा नव्हती. मग कोरियाच्या देवू कंपनीने चित्तगावच्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीशी करार केला आणि १९७९ साली तिथले १३० जण शिकण्यासाठी कोरियाला गेले. सहा महिन्यांत ते कटिंग, शिलाई, दर्जातपासणी आणि निर्यातीची कागदपत्रं असं सगळं शिकून आले. त्यांच्यातले बरेचजण पुढे देश गारमेंट्स सोडून गेले आणि त्यांनी आपापले कारखाने काढले. काही वर्षांत ढाका आणि चित्तगावच्या राहत्या इमारतींच्या मजल्यांवरही शिलाई मशीनच्या ओळी लागल्या.

या कारखान्यांना स्वस्त आणि भरपूर हात हवे होते. ते मिळाले खेड्यातून आलेल्या मुलींचे आणि बायकांचे. त्यांच्यातल्या कितीतरी जणींसाठी ही महिन्याच्या महिन्याला पगार देणारी पहिलीच नोकरी होती, आणि घरात त्यांच्या शब्दाला वजन आलं ते त्या पगारामुळे. या धंद्याविषयी लिहिताना हे सोडून दिलं तर अर्धं चित्र पुसलं जातं. बाई कामाला लागली की मागोमाग धाकटी बहीण किंवा लेक यायची, हेल्पर म्हणून. शिवून झालेल्या शर्टावरचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापायचे, कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पोहोचवायचे, बटणं लावायची. जन्मदाखले फारसे कोणाकडे नसत, वय सुपरवायझर अंदाजाने लिही. जहाज सुटायची तारीख जवळ आली की रात्रपाळी व्हायची, आणि ती मुलांनाही चुकत नसे.

कल्पोना अख्तर हे नाव आज जगभरच्या कामगार चळवळीत माहीत आहे. त्या बारा वर्षांच्या असताना कारखान्यात गेल्या. वडील आजारी पडून अंथरुणाला खिळले होते, आईच्या पदरात तान्हं मूल होतं, घरात मिळवणारं कोणी उरलं नव्हतं. बरोबर दहा वर्षांचा भाऊही गेला. पुढे कामगारांना त्यांचे हक्क समजावून सांगायला लागल्यावर त्यांना कामावरून काढलं गेलं. त्यांच्या घरात मुलांचं काम सुरू झालं ते मोठ्या माणसाची कमाई बंद पडल्यामुळे. बालमजुरीचं मूळ शोधताना मला तरी पुन्हा पुन्हा हीच गोष्ट दिसते: मोठ्यांची मजुरी, त्यांचं आजारपण, त्यांना नसलेलं संरक्षण.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही, असा त्याचा गाभा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एनबीसी वाहिनीने बांगलादेशातल्या कारखान्यांत वॉलमार्टसाठी कपडे शिवणारी मुलं दाखवली आणि एकच गदारोळ झाला. १९९३ मध्ये विधेयक पुन्हा मांडलं गेलं. ते कधीच मंजूर झालं नाही, पण ढाक्याला तेवढी धास्ती पुरली. निर्यातीच्या उत्पन्नातला मोठा वाटा कपड्यांचा आणि मोठं गिऱ्हाईक अमेरिका. कारखानदारांनी मुलांना भराभर काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजानुसार ही मुलं सुमारे ५०,००० होती.

त्यांच्यासाठी शाळा उघडलेली नव्हती, आईचा पगार वाढलेला नव्हता. युनिसेफ, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते या मुलांचा शोध घेत गेले, तेव्हा ती दगड फोडताना, रस्त्यावर काहीबाही विकताना सापडली. काही वेश्याव्यवसायात ओढली गेली होती. ही कामं शिलाईच्या कामापेक्षा जास्त धोक्याची, आणि बहुतेकांची कमाईही कमी. युनिसेफने १९९७ च्या वार्षिक अहवालात हे स्पष्ट लिहिलं. हार्किन यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही, त्यांनी बालमजुरीच्या विरोधात आयुष्यभर काम केलं. पण कायद्याच्या मसुद्यात मुलांनी बनवलेल्या मालावर बंदी होती आणि मुलाच्या पुढच्या दिवसाची तरतूद नव्हती, याची किंमत ढाक्याच्या झोपडपट्ट्यांनी मोजली.

हे पाहून धोरण बदललं. ४ जुलै १९९५ रोजी ढाक्यात कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात समझोता झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना नव्याने कामावर घ्यायचं नाही, पण जी आहेत त्यांना शाळेची सोय होईपर्यंत काढायचंही नाही. शाळेत गेलेल्या मुलाला महिन्याला ३०० टाका (टाका हे बांगलादेशाचं चलन) विद्यावेतन, आणि शक्य तिथे त्याच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला नोकरी. पाहणीत दहा हजारांहून अधिक मुलं सापडली, तीनशेच्या वर शाळा काढल्या गेल्या, आठ हजारांहून जास्त मुलांनी नाव घातलं. ३०० टाका पगारापेक्षा कमीच होते, त्यामुळे गळती झाली. १९९३ मध्ये निघालेल्या मुलांपर्यंत हा समझोता बहुतांशी पोहोचलाच नाही. तरीही निर्यातीच्या मोठ्या कारखान्यांतून लहान मुलं दिसेनाशी झाली ती या काळात, आणि शाळा, विद्यावेतन, मोठ्यांना काम हे तिन्ही एकत्र आल्यावर.

असाच पेच मुंबईनेही त्याच्या शंभरेक वर्षं आधी पाहिला होता. १८७० च्या दशकात इथल्या कापड गिरण्या वाढू लागल्या तेव्हा त्यांच्याशी स्पर्धा असलेल्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईतली मुलं आणि त्यांचे कामाचे लांबलचक तास अचानक दिसू लागले. त्यांच्या रेट्यामुळे १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र हा विषय माणुसकीच्या पोटी लावून धरला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम नऊ तासांवर आणलं. सात वर्षांचं मूल, नऊ तास, आणि ही सुधारणा होती. आपल्याकडच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी हा कायदा म्हणजे इंग्रज गिरणीवाल्यांचा डाव आहे म्हणून त्याला विरोध केला. डाव होता, यात शंका नाही. पण बॉबिन बदलणाऱ्या पोरासाठी नऊ तास हे अकरा-बारा तासांपेक्षा कमीच होते.

या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळी वाट काढली गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत द्या, अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई द्या. मागण्या इतक्या साध्या आणि नेमक्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. १८९१ च्या कायद्याने मुलांचं किमान वय नऊ केलं आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातवर आले. लँकेशायरला काय हवं आणि गिरणीमालकाला काय हवं याच्या पलीकडे जाऊन कामगाराला काय हवं, हे लोखंड्यांनी त्याच्याच तोंडून वदवलं. बांगलादेशात १९९३ साली नेमका हा आवाज वाटाघाटीच्या टेबलाजवळ नव्हता.

नंतरही कामगारांचा आवाज टेबलाजवळ येऊ नये यासाठी बरीच ताकद लावली गेली. कल्पोना अख्तर यांचे सहकारी अमीनुल इस्लाम एप्रिल २०१२ मध्ये बेपत्ता झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. संघटना दडपलेली असली की इमारतीच्या भेगेबद्दल बोलणारंही कोणी उरत नाही. एप्रिल २००५ मध्ये ढाक्याबाहेरच्या सावरजवळची स्पेक्ट्रम कारखान्याची इमारत कोसळून ६४ जण मेले. २४ नोव्हेंबर २०१२ ला आशुलियाच्या ताझरीन कारखान्याला आग लागली. आगीची घंटा वाजल्यावर सुपरवायझरांनी कामगारांना परत मशीनवर बसवलं, खिडक्यांना गज होते, निदान ११२ जण गेले. राखेत वॉलमार्टसाठी शिवलेले कपडे सापडले. कंपनीचं म्हणणं, एका पुरवठादाराने परवानगीशिवाय काम तिकडे दिलं होतं.

पाच महिन्यांनी, २३ एप्रिल २०१३ रोजी सावरच्या राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेले. आठ मजली इमारत, वरचे मजले बेकायदा चढवलेले, त्यात पाच कपडे कारखाने आणि छतावर जड जनरेटर. तडे पाहून खालच्या बँकेने कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आलं. आला नाहीत तर पगार कापू, असं अनेकांना बजावलं गेलं. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत इमारत खाली आली. मृतांचा आकडा १,१३४. बँकेतला माणूस घरी राहू शकला आणि शिलाई मशीनवरची बाई राहू शकली नाही. कामगार हक्क म्हणजे काय, हे या फरकाइतकं स्पष्ट करून सांगणारी दुसरी घटना मला आठवत नाही.

या इमारतीतल्या काही कारखान्यांची परदेशी गिऱ्हाइकांच्या वतीने सामाजिक तपासणी, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची पाहणी, आधी होऊन गेली होती. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपडे कारखान्याला तर सप्टेंबर २०१२ मध्ये अडीचशेहून अधिक कामगार जळून मेले त्याच्या काही आठवडे आधी कामाची परिस्थिती चांगली असल्याचं एसए ८००० हे प्रमाणपत्र मिळालं होतं. तपासनीस येणार हे आधी ठाऊक असतं, त्याचं बिल बहुधा कारखानदारच भरतो, आणि तपासनीस कामगारांना विचारतो तेव्हा सुपरवायझर जवळच उभा असतो.

म्हणून मे २०१३ चा अकॉर्ड महत्त्वाचा. आग आणि इमारत सुरक्षेचा हा करार जागतिक कामगार महासंघ आणि कपड्यांचे ब्रँड यांच्यात झाला, दोनशेहून अधिक कंपन्यांनी सही केली, आणि तो कायद्याने बंधनकारक होता. शब्द मोडला तर कंपनीला लवादापुढे खेचता येणार होतं. कारखान्यांची तपासणी अभियंत्यांनी केली, अहवाल जाहीर झाले, कुलूप लागणारे दरवाजे बदलले गेले. आज बांगलादेशातल्या मोठ्या निर्यात कारखान्यांच्या इमारती २०१३ पेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, आणि पाकिस्तानातही असा करार लागू झाला आहे.

मजुरीचं गाडं मात्र हळूहळूच चाललं. १९९४ मध्ये किमान वेतन महिना ९३० टाका ठरलं आणि पुढची बारा वर्षं तिथेच राहिलं. २०१० मध्ये ते ३,००० झालं, राणा प्लाझानंतर ५,३००, २०१८ मध्ये ८,०००. २०२३ मध्ये कामगारांनी २३,००० मागितले, रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झालेल्या चकमकींत कामगारांचे जीव गेले, आणि शेवटी १२,५०० ठरले. वेतन वाढलं तर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल, असं मालक सांगतात. ब्रँड म्हणतात, वेतन ठरवणं आमच्या हातात नाही. एका शर्टाचा भाव मात्र ब्रँडच ठरवतो.

कोविडमध्ये हे उघडं पडलं. मार्च २०२० पासून बड्या कंपन्यांनी शिवून तयार असलेल्या मालाच्या ऑर्डरीसुद्धा रद्द केल्या किंवा पैसे अडकवून ठेवले. कारखानदारांच्या संघटनेनुसार ही रक्कम सुमारे तीन अब्ज डॉलर होती. लाखो कामगार पगाराविना घरी बसले. त्याच महिन्यात शाळाही बंद झाल्या, त्या सप्टेंबर २०२१ मध्ये उघडल्या. आईचा पगार बंद, शाळा बंद. २०१६ मध्येच ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट या ब्रिटिश संशोधन संस्थेच्या पाहणीत ढाक्याच्या झोपडपट्ट्यांतली कामकरी मुलं आठवड्याला सरासरी ६४ तास राबताना आढळली होती, आणि त्यांच्यातल्या मुलींपैकी जवळपास दोन तृतीयांश कपड्यांच्या कामात होत्या. त्यांच्यापैकी अनेकजणी देशातल्या बाजारासाठी शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांत काम करतात. बुडीगंगा नदीपलीकडे केरानीगंजला अशा कारखान्यांची दाटी आहे. तिथे अकॉर्डची तपासणी पोहोचली नाही, कारण तिथल्या जीन्सवर अकॉर्डवर सही करणाऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव नसतं.

बांगलादेशाने कामावर घेण्याच्या किमान वयाचा आंतरराष्ट्रीय करार मार्च २०२२ मध्ये मान्य केला. तिथल्या २००६ च्या श्रम कायद्यात हे वय १४ आहे. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांची जबाबदारी घ्यायला लावणारा कायदा लागू आहे, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच कायदा केला. दोन्हींची पोहोच निर्यातीच्या साखळीपुरती आहे. केरानीगंजच्या मुलींसाठी उपयोगी पडेल ते ढाक्याच्या सरकारी कारखाना निरीक्षकांचं काम, मुलींना शाळेत टिकवणारं विद्यावेतन, आणि त्यांच्या आईच्या कारखान्यात बिनधोक सभासद होता येईल अशी संघटना.