पोरगं वाचताना अडखळतंय? चष्मा करायच्या आधी हे वाचा

जूनमधे शाळा सुरू झाली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात आई-बाबा येतात आणि पहिला प्रश्न हाच, 'वाचताना अडखळतोय, नंबर आलाय का बघा.' कधी असतो, कधी नसतो, नसला तर आम्ही चष्मा देत नाही.

वाचताना डोळा ओळीवरनं सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो, दर थांब्याला साधारण पाव सेकंद मिळतो आणि तेवढ्यात नेमकं अक्षर पकडून शेजारची गर्दी बाजूला सारायची असते. इटलीतल्या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांचं हे नजर नेमकी ठेवणं तपासलं, पुढं शाळेत गेल्यावर त्यांचं वाचन बघितलं (२०१२), तर जे वाचनात मागं पडले त्यातल्या बऱ्याच जणांचं हे आधीपासूनच कच्चं होतं. पण लगेच घाबरू नका, २०१३ मधे अमेरिकेत उलटी बाजूही दिसली, डिस्लेक्सिया (हुशारी असूनही वाचन जड जाणं) असलेल्या मुलांचा वाचनाचा सराव घेतला तसा मेंदूतला डोळ्यासमोरची हालचाल टिपणारा भागही जास्त काम करायला लागला, म्हणजे वाचन कमी झाल्यामुळंही तो मागं राहतो.

आपल्याकडं घ-ध, भ-म, थ-य यात फरक केवढासा! पहिलीतलं पोरगं गोंधळणारच, त्यावरनं ओरडू नका.

खरी फसगत प्लस नंबरात होते. फळ्यावरचं झकास दिसतंय म्हणून कुणाला शंका येत नाही, पोरं डोळ्यावर ताण देऊन जवळचंही वाचतात, मग डोकं दुखतं, पुस्तक नकोसं होतं. अमेरिकेतल्याच २०१६ च्या अभ्यासात प्लस नंबर असून चष्मा नसलेल्या ४-५ वर्षांच्या ज्या मुलांना जवळचं नीट दिसत नव्हतं, ती अक्षरओळखीत कमी पडलेली दिसली. हा नंबर नुसत्या मशीनवर लपतो, ड्रॉप्स टाकूनच बघावा लागतो.

रंगीत काचांनी वाचन सुधारतं असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मधेच सांगितलंय की याला पुरावा नाही. मागितल्या तरी आम्ही विकत नाही, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

डोळे ठीक असून दुसरी संपली तरी अक्षरं जुळत नसतील तर बहुतेकदा अडचण आवाज आणि अक्षर यांची जोडी लावण्यात असते, तिथं चष्म्याचं काम नाही. बाईंशी बोला, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) धरलीय, सर्टिफिकेट असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

डोळ्यांचे डॉक्टर शनिवारी दुपारी दुकानात असतात. ड्रॉप्सनंतर बराच वेळ जवळचं धूसर दिसतंय, म्हणून त्या दिवशीचा होमवर्क आधीच उरकून आणा.