फॉरमॅट न मारता विंडोज पुन्हा टाकणं : ही वाट कशी तयार झाली

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टची अपडेट आणि मदत, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज बदलण्याचा किंवा पुन्हा टाकण्याचा प्रश्न पुन्हा समोर आला. लातूरच्या अडतीवरचं टॅली असो, परभणीच्या डीटीपी सेंटरमधलं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असो की तालुक्याच्या सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन, कम्प्युटर अडला की पहिला सल्ला एकच मिळतो : फॉरमॅट मारा, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज कोरं टाका. वर्षानुवर्षं एकेक प्रोग्रॅम बसवून घडी बसलेल्या मशीनला हा सल्ला फार महागात पडतो. फाइली आणि हिशेब पेनड्राइव्हवर काढता येतात, बसवलेले प्रोग्रॅम तसे काढता येत नाहीत. टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. फॉरमॅटआधी ते सरेंडर करायचं, म्हणजे मशीनवरून सोडवायचं, राहिलं की पुढे खेटे. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट टोकनमध्येच (यूएसबीत खोचायच्या छोट्या उपकरणात) सुरक्षित राहतं, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, जातो.

प्रोग्रॅम उचलून नेता का येत नाही, याचं मूळ १९९५ मध्ये आहे. तोवर बरेच प्रोग्रॅम आपली सेटिंग आयएनआय नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवत आणि फोल्डर कॉपी केलं तरी पुष्कळदा काम भागे. विंडोज ९५ ने या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या एका सामाईक नोंदवहीत, एकवटल्या. एनटीच्या घराण्यात, म्हणजे २०००, एक्सपीपासून आजच्या ११ पर्यंत, रजिस्ट्रीचे मुख्य भाग विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरातल्या कॉन्फिग फोल्डरात असतात : सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट. शिवाय प्रत्येक यूजरची एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल वेगळी. फॉरमॅटनंतर प्रोग्रॅमचं फोल्डर जसंच्या तसं परत आणलं तरी या नोंदी येत नाहीत, म्हणून तो उघडत नाही. विंडोज पुन्हा टाकताना खरा प्रश्न एवढाच असतो, की नवा सेटअप जुन्या नोंदी वाचून पुढे नेतो की नाही.

२००१ च्या एक्सपीत जुन्या नोंदी राखून विंडोज पुन्हा टाकण्याचं काम सीडीवरून बूट करून, म्हणजे मशीन सीडीवरून सुरू करून, होत असे, आणि त्याची गरज आपल्या भागात फार पडली. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. यूपीएसची बॅटरी मेलेली, वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी विंडोज रजिस्ट्री लिहीत असलं, की पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर कॉन्फिगमधली सिस्टिम फाइल गहाळ किंवा खराब असल्याचा निरोप येई. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंद) डिस्कवरच्या फाइलींची रचना सांभाळतं. फाइलच्या आतला अर्धवट लिहिलेला मजकूर ते दुरुस्त करत नाही.

उपाय असा : सीडीवरून बूट, पहिल्या पडद्यावर आर ही कळ न दाबता एंटर, मग एफ८ ने करार मान्य, आणि त्यानंतर जुनं विंडोज यादीत दिसलं की आर. पहिला आर रिकव्हरी कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, नेतो; दुसरा रिपेअर इन्स्टॉल करतो, म्हणजे प्रोग्रॅम राखून विंडोज पुन्हा टाकतो. पुष्कळांची गल्लत इथेच होई. दुसरा आर दिसलाच नाही, तर सीडी वेगळ्या एडिशनची (होम, प्रो वगैरे प्रकाराची) असे किंवा जुन्या नोंदी वाचण्यापलीकडे गेलेल्या असत. तिथून पुढे रेटलं की पार्टिशनची यादी येई आणि एका चुकीच्या कळीत सी ड्राइव्ह साफ होई.

रिपेअरनंतर प्रोग्रॅम राहत, पण विंडोज सीडीच्या पातळीवर मागे जाई. सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटच्या (ऑगस्ट २००४) आधीच्या सीडीत फायरवॉल आपोआप चालू नसे, आणि नेटवरून आपोआप पसरणाऱ्या २००३ च्या ब्लास्टर वर्मला एवढी फट पुरे होती. म्हणून आधी इंटरनेटची वायर काढायची, फायरवॉल चालू करायची, सर्व्हिस पॅक टाकायचा आणि मगच वायर जोडायची. कोऱ्या एक्सपीत आणखी एक अडचण असे : युनिकोड मराठी नीट जुळून दिसत नसे. प्रादेशिक सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या (देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या) चौकोनात टिक करावी लागे आणि त्यासाठी पुन्हा सीडीच मागितली जाई. व्हिस्टापासून हा आधार आतच असतो.

सगळ्यात मोठा बदल व्हिस्टाने केला, जानेवारी २००७ मध्ये. सेटअप एकेक फाइल ठेवण्याऐवजी इन्स्टॉल डॉट विम ही तयार प्रतिमा उलगडू लागला. त्याबरोबर बाहेरून बूट करून रिपेअर इन्स्टॉल करण्याची सोय गेली. प्रोग्रॅम राखायचे असतील तर सेटअप चालू विंडोजच्या आतूनच सुरू करायचा, ही अट तेव्हापासून आजतागायत आहे. पेनड्राइव्हवरून बूट करून अपग्रेड निवडलं तर सेटअप तुम्हाला परत विंडोजमध्ये पाठवतो. आमच्या मते फॉरमॅटची सवय रुजण्यात या अटीचा वाटा मोठा आहे : मशीन सुरूच होत नाही तोवर कुणी दुकान गाठत नाही, आणि तोवर ही वाट बंद झालेली असते.

२०१२ च्या विंडोज ८ ने रिफ्रेश आणि रिसेट दिले. रिफ्रेशने फाइली आणि स्टोअरमधली ॲप्स राहत, बाकी प्रोग्रॅम जात. डेस्कटॉपवर त्यांची फक्त यादी मिळे. विंडोज १० आणि ११ मधलं रिसेटही, 'माझ्या फाइली ठेवा' निवडलं तरी, टॅलीसारखे प्रोग्रॅम काढूनच टाकतं. नावावरून फसू नये.

आजची वाट अशी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोजच्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) घ्या किंवा तिथल्याच मीडिया क्रिएशन टूल या प्रोग्रॅमने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया, म्हणजे सेटअपच्या फाइली, बनवा. चालू विंडोजमध्ये तो आयएसओ किंवा पेनड्राइव्ह उघडून सेटअप चालवा आणि 'फाइली व ॲप्स ठेवा' हा पर्याय आहे ना ते पाहा. तो फिका दिसला तर तिथेच थांबा. कारण बहुधा तीनपैकी एक : एडिशन जुळत नाही, ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत, किंवा भाषा वेगळी. आपल्याकडच्या कित्येक लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असतं, आणि फक्त प्रो असलेला पेनड्राइव्ह त्याला चालत नाही. अमेरिकन इंग्रजीच्या विंडोजवर इंटरनॅशनल इंग्रजीचा आयएसओही चालत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळे ३२ बिट १० वरून प्रोग्रॅमसकट त्यावर जाता येत नाही.

विंडोज ११ मध्ये २०२४ पासून सेटिंग्जच्या रिकव्हरी पानावर 'रीइन्स्टॉल नाउ' हे बटणही आहे. ते तेच व्हर्जन पुन्हा उतरवून प्रोग्रॅम, फाइली आणि सेटिंग राखून बसवतं. पण उतरवायचं असतं कित्येक जीबी; रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते एका दिवसात होत नाही, तिथे पेनड्राइव्हच बरा.

सुरू करण्याआधी डेटाची प्रत बाहेर काढा, सी ड्राइव्हवर २०-३० जीबी मोकळे करा, बाहेरचा अँटिव्हायरस काढा, प्रिंटर आणि यूएसबीतले डोंगल उपसून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला हवा, डेस्कटॉप चांगल्या यूपीएसवर. काम मध्येच मागे फिरलं आणि ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा कोड आला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. जुन्या हार्डवेअर लॉकचा (सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी जोडायच्या डोंगलचा) ड्रायव्हर आधी तपासा.

मशीन सुरूच होत नसेल तर आधी ते कसंबसं उभं करायचं, विंडोजमधल्याच स्टार्टअप रिपेअरने किंवा मशीन आधीच्या अवस्थेत नेणाऱ्या सिस्टिम रिस्टोअरने, आणि मग आतून सेटअप चालवायचा. पूर्वी कॉन्फिगमधल्या रेगबॅक फोल्डरात रजिस्ट्रीची आपोआप काढलेली प्रत मिळायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ती काढणं बंद झालं. तिथे आता शून्य आकाराच्या फाइली दिसतात. म्हणून सिस्टिम रिस्टोअर बंद असेल तर आजच चालू करा.

काम झाल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरात १० दिवस राहतं आणि तेवढ्या मुदतीत मागे जाता येतं. जागेसाठी ते लगेच पुसू नका. एकदा टॅली उघडून बघा, टोकनने एक सही करा, प्रिंट काढा, अंगठा घ्या, आणि मगच डिस्क क्लीनअप चालवा.