चौदा आवाजांत अख्खी भाषा बसवायची म्हणजे

'मी' म्हणजे मी, 'तेलो' म्हणजे पाणी आणि 'आला' म्हणजे चक्क नाही. ही तोकी पोना, कॅनडाच्या सोन्या लँग यांनी 2001 मध्ये लोकांसमोर आणलेली बनवलेली भाषा. शब्द साधारण 120 आणि आवाज मोजून 14. प त क स म न ल य व ही 9 व्यंजनं आणि आ ए इ ओ उ हे 5 स्वर, संपलं.

आता कोणालाही वाटेल की सोपी भाषा करायची तर सोपे आवाज उचलायचे, त्यात काय एवढं. पण सोपं कोणाला? आपल्याला ळ सोपा आणि 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा हे कुणी शिकवावंसुद्धा लागत नाही, पण बाहेरच्याला विचारा, घाम फुटतो. एस्पेरांतो या दुसऱ्या बनवलेल्या भाषेत (1887) 'जाणणे'ला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'स्त्सिई' असा होतो, तो ती भाषा करणाऱ्या झामेनहॉफना जड वाटला नसणार, वाटला असता तर ठेवलाच नसता ना!

तोकी पोनाची खरी युक्ती माझ्या मते कमी आवाजांत नाहीये, ती चुकायला ठेवलेल्या जागेत आहे. वेगळा ब नाहीच, त्यामुळे अरबी माणसाला प जमला नाही आणि तो 'बोना' म्हणाला तरी अर्थ बिघडत नाही. वेगळा र नाही, मग जपानी माणसाचा ल थोडा र कडे झुकला तरी धकतं. ख, थ, फ तर नाहीतच, म्हणजे श्वास जोरात सुटला काय नि हळू सुटला काय, कानाला कशाशी गल्लतच करता येत नाही.

अक्षरं जोडायचा नियमही तसाच, एक व्यंजन (शब्दाच्या सुरुवातीला ते नसलं तरी चालतं), एक स्वर आणि फार तर शेवटी न. जोडाक्षरं बंद. त्यातही यि, वु, वो आणि ति या चार जोड्या चालत नाहीत. ति का नाही? कारण बऱ्याच लोकांच्या तोंडी त्याचा 'चि' होतो, जपानीत इंग्रजी 'टीम'चं 'चीमु' झालंय. आणि वो? आपण लिहितो 'ओठ' आणि कितीतरी जण म्हणतात 'वोठ', लिहितो 'एक' आणि म्हणतो 'येक'. ओ आणि वो हा फरक कानाला टिकवायला कठीण, मग तो शब्दांचा अर्थ ठरवायला वापरायचाच कशाला.

शेवटचा न म्हणजे तर आपला अनुस्वारच. आंबा, अंत, अंगठा, टिंब एकच पण पुढच्या अक्षराप्रमाणे नाकातला आवाज बदलतो, तरी आपण ते तीन वेगळे आवाज म्हणून कधी मोजत नाही. इथेही तसंच, पुढे प आला आणि न चा म झाला तर होऊ दे.

गंमत येते नावांची. भारताचं होतं 'पालाता', भ चा प, र चा ल आणि शेवटच्या त ला टेकू म्हणून एक आ. मी घाटकोपर करून बघितलं तर 'काताकोपा' झालं, लोकलमध्ये अशी घोषणा झाली तर कोण उतरेल देव जाणे 😄

एवढ्या कमी आवाजांत शब्द पुरतील का ही भीती मलाही होती म्हणून वहीत गणित मांडलं. शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकतील अशी अक्षरं निघाली 92. दोन अक्षरी शब्द, न नंतर म किंवा दुसरा न येऊ न देण्याचा नियम पाळून, 6624. म्हणजे 120 शब्दांसाठी माळरान मोकळं पडलंय, एकमेकांपासून हवे तेवढे वेगळे वाटणारे शब्द ठेवता आले असते.

आणि तरीही 'काहीच नाही'साठी 'आला' आणि 'सगळं'साठी 'आले' ठेवलं, एकमेकांच्या उलट अर्थाचे दोन शब्द आणि फरक फक्त शेवटच्या स्वराचा, तोही असा की घाईत बोलताना आधी तोच पुसट होतो. मला तरी ही डिझाइनमधली सरळ चूक वाटते. मग 'सगळं'साठी आणखी एक रूप आलं, 'आली'. आता आला, आले, आली यातलं कुठलं म्हणजे नाही आणि कुठलं म्हणजे सगळं हे मराठी माणसाने पाठच करावं.